आईनं झाकून ठेवलेला माग

लग्नाला वर्ष व्हायच्या आत माझ्या आईनं सासऱ्यांवर काठी उगारली होती.

आणि ही गोष्ट मला सासऱ्यांनीच, म्हणजे माझ्या आजोबांनी, मिशीला पीळ देत सांगितली. एकदा नाही, येईल त्या पाहुण्यासमोर.

आई गेली त्याला आज वर्ष झालं. आजोबाही नाहीत. म्हणून आज मी सांगतो.

चाळीसच्या दशकातली गोष्ट. मी जन्मायचा होतो. आमचं गाव मार्गासनीच्या पुढं, सगळा मुलूख तेव्हा भोर संस्थानात. सून सासऱ्यांसमोर तोंडातून शब्द काढत नसे, असा तो काळ.

एका सकाळी शेजारच्या गोठ्यातला बैल गायब.
ऐन पेरणीच्या तोंडावर.

तोंडं धुवून व्हायच्या आत गावाचं ठरलं, चोर म्हणजे धोंडीबा धनगर.

पुरावा काय? तर आदल्या संध्याकाळी तो गोठ्यात डोकावताना दिसला होता. बस्स. केस क्लोज्ड.

पुरुषमंडळी काठ्या-कुऱ्हाडी घेऊन डोंगरावरच्या धनगरवाड्याकडं निघाली. सगळ्यांच्या पुढं आमचे आजोबा. त्या रागात धोंडीबा हाती लागला असता तर जिवंत राहिला नसता, हे त्यांचंच म्हणणं.

आई शेण गोळा करायला गोठ्यामागं गेली होती. तिथं चिखलात तिला बैलाचे खूर दिसले, आणि शेजारी वहाणेचा अनोळखी ठसा.

तिनं आरडाओरडा केला नाही. कोंबड्या झाकायचं डालगं आणून ठशावर पालथं घातलं, आणि काठी घेऊन तिथंच उभी राहिली.

धनगरवाड्याची वाट नेमकी तिथूनच. जमाव आला. आजोबांनी तिला बाजूला व्हायला सांगितलं आणि पुढं पाय टाकला.

तिनं काठी उगारली.

“मामंजी, हितं पाय टाकू नगा. माग मोडंल. आदी पाटलांस्नी बोलवा. माग धनगरवाड्याकडं गेला, तर म्या सवता तुमच्यासंगं वर येते.”

आजोबा म्हणायचे, सुनेचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, आणि पहिल्यांदाच असला.

माणसं कुरकुरली. पण थांबली.

पाटील आले, डालगं उचललं आणि माग काढत निघाले. तेव्हा रीतच होती, चोरीचा माग ज्या गावाच्या शिवेत शिरेल, त्या गावानं तो पुढं चालवायचा.

माग डोंगराकडं गेलाच नाही. खाली नदीकडं गेला. दुसऱ्या गावानं पुढं नेला, आणि तिसऱ्या गावाच्या आमराईत बैल सापडला. सोबत बाजारात जनावरांची दलाली करणारा एक भलताच माणूस. पाटलांनी त्यालाही कुणाला हात लावू दिला नाही, सरळ संस्थानच्या शिपायांच्या ताब्यात दिला.

आणि धोंडीबा?
एक परका माणूस गोठ्याभोवती घुटमळतोय, हे सांगायलाच तो आदल्या संध्याकाळी आला होता. शेजाऱ्यानं ऐकून न घेताच हाकललं त्याला.

आज ग्रुपवर कुणाचाही फोटो टाकून “सावधान, टोळी फिरतेय” असं येतं ना, तेव्हा माझं डोकं फिरतं. अरे, संशय आला तर सांगा की. पण पोलीस पाटलांना सांगा. फॉरवर्ड करायला अक्कल लागत नाही, थांबायला लागते. माझ्या आईकडं ती होती.

धोंडीबानं तिला बहीण मानलं. जिवात जीव होता तोवर दर भाऊबीजेला डोंगर उतरून यायचा.

गेल्या वर्षी आई गेली तेव्हा सख्खे मामा कुणीच उरले नव्हते. आमच्याकडं माहेरचं लुगडं अंगावर घातल्याशिवाय बाईला उचलत नाहीत. आम्ही अंगणात खोळंबलो होतो.

तेवढ्यात टेम्पोतून धोंडीबाचा नातू उतरला. काखेत नवंकोरं लुगडं.

“दादा, आजीला माह्यारचं आणलंय.”

तेच अंगावर घेऊन आई गेली.

आई, तुझ्या पोटी जन्मलो याचा मला फार अभिमान आहे. तुला साष्टांग नमस्कार.