आठ बोटांची घोडेस्वारी

छापखान्यात तिला सगळे कटिंगवाली म्हणत. बावीस वर्षं ती कागद कापायच्या मशीनवर होती. एका सकाळी जुन्या मशीनचं बिघडलेलं पातं आपोआप खाली आलं आणि तिच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट घेऊन गेलं. ती बरी होऊन परतली तेव्हा मशीन नवं आलं होतं, आणि तिला मात्र पाकिटांवर पत्ते चिकटवायला बसवलं.

"तुमच्या भल्यासाठीच सांगतोय," सुपरवायझर म्हणाले.

भलं हा शब्द तिला तेव्हापासून टोचायला लागला.

घरी धाकटा भाऊ आणि वहिनी. भाची होस्टेलला गेलेली. तिचा व्हिडिओ गेम टीव्हीखाली धूळ खात पडला होता. एका रविवारी दुपारी कटिंगवालीने तो लावला. उघडं माळरान, लाकडी दुकानांची गावं, कमरेला पिस्तूल लावलेली माणसं आणि एक घोडा. वाट्टेल तिकडे जा.

"ताई, तुझ्या हाताला नाही जमायचं ते," भाऊ म्हणाला.

"हात माझा आहे. काय ते तो मला सांगेल, तू नको सांगूस."

हाताने सांगितलं, नाही जमत. दुकानदाराला नमस्कार करायला गेली आणि पिस्तूलच रोखलं. सगळं गाव मागे लागलं. दुसऱ्या दिवशी भर बाजारातून घोडा पिटाळला, एका म्हाताऱ्याला उडवलं आणि तुरुंगात जाऊन बसली. भाऊ पोट धरून हसला. तिने पुन्हा सुरू केलं.

नवशिक्यांसाठी लोकांनी खेळाडूंच्या एका साइटवर लिहिलेलं तिने वाचून काढलं. सगळं दहा बोटंवाल्यांचं. 'उजव्या तर्जनीने पटकन दाबा.' कुठून आणू?

तिने भाचीला फोन लावला.

"आत्या, सेटिंगमध्ये जा ना! बटणं बदलता येतात."

दोन संध्याकाळी तिने नुसती बटणं इकडची तिकडे केली. नेम डाव्या बोटाने, गोळी उजव्या अंगठ्याने. मग घोडा ऐकायला लागला.

महिन्याभराने तिने खेळाडूंच्या त्याच साइटवर स्वतःचं लिहिलं. 'आधी बटणं आपल्या हाताला बसतील तशी लावा. नेम आपोआप लागायची सोय असेल तर खुशाल वापरा, लाज कसली? गावात शिरताना घोडा चालवा, पळवू नका. कुणाशी बोलायच्या आधी पिस्तूल खोचून ठेवा. घोड्याला चारा द्या, थोपटा, अंग घासा. ओळख वाढली की गोळीबारातही तो बुजत नाही. गोष्ट संपवायची घाई करू नका, चार दिवस नुसते भटका. आणि मेलात तर मेलात. परत उठायला पैसे पडत नाहीत.'

खाली एकाने लिहिलं, 'सोयी वापरून खेळायचं तर खेळायचंच कशाला?'

तिने उत्तर दिलं, 'चष्मा लावून पुस्तक वाचलं तर ते वाचलंच ना? मग गप्प बस.'

त्या रात्री तिला पटकन झोप लागली नाही. गेममधलं बटण हलतं, तर मशीनवरचं का नाही? नव्या मशीनला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय पातं हलत नसे. उजवं बटण खोल खोबणीत, तर्जनी आणि मधलं बोट घालून जोराने दाबायचं. अडलं होतं ते एवढ्यावरच.

सकाळी ती मेकॅनिकला घेऊनच सुपरवायझरांसमोर उभी राहिली. "उजवीकडे तळव्याने दाबता येईल असं मोठं बटण बसवा."

"अहो बाई, सुरक्षिततेचा नियम आहे."

"नियमात दोन हात लिहिलेत. बोटं मोजलेली नाहीत. आणि बोटं नियमाने गेली नव्हती साहेब, तुमच्या दुरुस्ती न केलेल्या मशीनने गेली."

मेकॅनिक हळूच म्हणाला, "बटण बदलता येतं साहेब. तासाभराचं काम आहे. सुरक्षितता तीच राहते."

तीन आठवडे कागदपत्रं फिरली. ती रोज विचारायला गेली. शेवटी बटण बसलं. पहिल्या दिवशी तिने चळत ठोकून सरळ केली, दोन्ही हातांनी बटणं दाबली, पातं सपकन उतरलं. दुपारपर्यंत हजारो पत्रकं झाली. सुपरवायझर चळतीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. एकही कागद पुढेमागे नव्हता.

"ठीक आहे," ते म्हणाले. "उद्यापासून इथेच बसा."

"उद्यापासून कशाला? सुट्टी व्हायला अजून दोन तास आहेत," म्हणत तिने पुढची चळत ओढली.