कोंडवाड्यात झालेलं बघणं

गावातला रहदारीचा पहिला कायदा मी केला, आणि त्या कायद्यात पहिले सापडले ते माझ्या धाकट्या बहिणीला, सिंधूला बघायला आलेले पाहुणे.

आता कायदा मीच करावा अशी काही गावाची इच्छा नव्हती. पण ग्रामपंचायत नवी होती. पाच पंचांपैकी तिघांची मजल अंगठ्यापलीकडे जात नव्हती, चौथे दगाजीआप्पा सरपंच असल्यामुळे त्यांना स्वतः लिहिणं शोभत नव्हतं, आणि पाचवा मी, सातवीची फायनल पास! त्यातून एकदा धुळ्याला चौकातल्या पोलिसानं नुसता पंजा दाखवून मोटार थांबवलेली मी पाहिली होती. नुसता पंजा! तेव्हापासून माझा उजवा हात शिवशिवत होता.

कायद्याचं कारण मात्र खरं होतं. मंगळवारचा बाजार आमच्या घरापुढच्या रस्त्यावरच भरे. रस्ता एवढा, की समोरासमोर दोन गाड्या आल्या तर चाकं एकमेकांना रामराम करत. त्यात तापीकाठच्या गाड्या येऊन बैल जिथे थांबतील तिथेच सुटत. लढाईचे दिवस, पेट्रोल मिळेना म्हणून नंदुरबारची सर्व्हिस मोटार पाठीवर कोळशाची भट्टी बांधून धापा टाकत यायची. एका मंगळवारी ती बाजारात शिरली आणि भट्टीतून असा काही आवाज निघाला, की एक जोडी बुजली, गाडी मागे सरकली आणि भाजी विकणाऱ्या गोदामायचा पाय चाकाखाली आला. हाड जुळलं, पण म्हातारी पावसाळाभर खाटेवर. दर बाजारी तिची रिकामी जागा दिसायची आणि, खरं सांगतो, जिवाला लागायचं.

चावडीवर सभा भरली. मी उभा राहून रहदारीवर अर्धा तास बोललो. (त्यातली पंचवीस मिनिटं धुळ्यावर होती.) मग ठराव वाचला, शुद्ध पुस्तकी मराठीत: "मंगळवारी बाजाराच्या रस्त्यावर कोणीही गाडी उभी करू नये. केल्यास बैल कोंडवाड्यात घालण्यात येतील."

"कोनाले काही इचारनं शे का?" दगाजीआप्पांनी विचारलं.

जेवायची वेळ टळून गेली होती. ठराव एकमतानं पास झाला!

अंमलबजावणी कोतवालाकडे. आमचा कोतवाल सुपडू म्हणजे सरळ माणूस. इतका सरळ, की त्याला काही सांगताना दहा वेळा विचार करावा. मी एकदाही केला नाही.

"सुपडू, कोणीही असो, सोडायचं नाही," मी म्हणालो.

"पाटीलनी गाडी ऱ्हायनी तरी?"

"तरी!"

"तुम्हना बापनी ऱ्हायनी तरी?"

"माझ्या बापाची असली तरी! कायद्यापुढे सगळे सारखे!"

आबा, म्हणजे माझे वडील, पलीकडे ओट्यावर दात कोरत बसले होते. ते थांबले. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा दात कोरू लागले. पण मंगळवारी आमची गाडी गोठ्याबाहेर काढायची नाही, असं त्यांनी त्याच दिवशी घरात बजावलं.

आणि आता माझी दुसरी हुशारी ऐका. सिंधूला आपल्या मुलासाठी बघायला रनाळ्याचे बळीरामनाना येणार होते. घर तालेवार, मुलगा शिकलेला, आबांनी वर्षभर खटपट करून जमवून आणलेलं. "कवय बोलावानं?" आबांनी मला विचारलं. मी म्हणालो, "मंगळवारी. बाजाराच्या दिवशी ताजी भाजी मिळते!" पत्रही मीच लिहिलं. त्याच हातानं, ज्या हातानं ठराव लिहिला होता. पण हाताला काय, तो लिहितो. लक्षात डोक्यानं ठेवायचं असतं.

कायद्याचा पहिला मंगळवार उजाडला. दारात दमणी थांबली. तिला जुंपलेली खिल्लारी जोडी अशी, की बाजारातली माणसं वांगी निवडायची सोडून तिच्याकडे बघत राहिली. बळीरामनाना उतरले. उंच, मिशा पांढऱ्या, आवाज विहिरीतून यावा तसा. गाडीवान पाणी प्यायला आत आला. नानांची मोठी बहीण, जिजी, तेवढी दमणीतच राहिली. तिची मशेरीची डबी गवताखाली हरवली होती आणि डबीशिवाय ती कोणाच्या घरी पाऊल टाकत नसे.

"जिजीले येऊ द्या सावकाश," नाना म्हणाले आणि लोडाला टेकले.

मी अदबीनं पंख्यानं वारा घालत होतो. आबा पीकपाण्याचं बोलत होते. आतून शिऱ्याचा वास येत होता. सगळं कसं छान चाललं होतं. एवढ्यात बाहेरून किंकाळी आली:

"माय वं! पडनू रे देवा!"

आम्ही धावलो. दमणीचं जू जमिनीला टेकलेलं, मागची बाजू आभाळाकडे, आणि जिजी गवतासकट घसरत येऊन पुढच्या कठड्याला मुटकुळं होऊन बसलेली. (डबी मात्र सापडली होती. हातातच होती.) बैलांचा पत्ता नाही! लांब, बाजाराच्या टोकाला, सुपडू दोन्ही कासरे धरून ऐटीत चालला होता.

"कोन व्हता तो?" नाना गरजले.

"त्यानं माले रामराम घाला," जिजी कापऱ्या आवाजात म्हणाली. "म्हने, मावशी, तुम्ही बठा. कायदा फक्त बैलसले शे!"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत पंचायत, फायनल आणि माझा जन्म या तिन्हींबद्दल पश्चात्ताप होता.

"नाना, तो... तो बैलांना पाणी पाजायला नेतोय," मी बोलून गेलो. "आमच्या गावची पद्धत आहे. पाहुण्यांचे बैल आधी!"

"वा!" नाना खूश झाले. "मंग चला, मी बी येस. मन्हा हातशिवाय ते पानी पेत नहीत."

नाना पुढे, मी मागे, मागे आबा, त्यामागे वांगी सोडून आलेला निम्मा बाजार. कोंडवाड्याच्या फाटकापाशी सुपडू कुलूप लावून छाती काढून उभा. मला पाहताच त्यानं सलाम ठोकला आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला, "भाऊ, पयली जोडी धरी! तुम्हनाच दारमा!"

पाणी पाजण्याची पद्धत तिथेच आटली.

नानांनी एकदा कुलपाकडे, एकदा बैलांकडे आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"सुपडू, सोड बैल," मी दबक्या आवाजात म्हणालो.

"कसं सोडू भाऊ? तुम्हीच सांगं, बापना बी सोडू नको."

"मी पंच आहे! मी हुकूम देतो!"

"मंग ठरावमा दखा," सुपडू शांतपणे म्हणाला. "कवय सोडानं ते लिखेल व्हई ना."

चावडी शेजारीच. ठरावाचं बुक आणलं. मी पान उघडलं आणि बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलं. बैल कोंडवाड्यात घालण्यात येतील, इथे ठराव संपत होता. ते पुढे कधी, कसे, कोणी सोडावेत, एक अक्षर नाही! माझ्या कायद्याप्रमाणे ती खिल्लारी जोडी आयुष्यभर आत राहणार होती.

नानांनी पागोटं काढलं, फाटकासमोरच्या दगडावर ठेवलं आणि शेजारी बसले. "मन्हा बैल सुटाव नहीत तवपावत मी आठेच. पोर दखानं ऱ्हायनं. राम राम!"

आबा मट्कन खालीच बसले. वर्षभराची खटपट फाटकाच्या फटीतून रवंथ करत होती. आणि या वेळी मला खरंच रडू आलं. कारण सिंधूला हे स्थळ मनापासून हवं होतं. त्या घरी पोरीसोरींना वाचू देतात, असं तिनं कुठूनसं ऐकलं होतं.

गर्दी बाजूला झाली. जिजी येत होती, एका हातात डबी आणि दुसऱ्या हातात आमची सिंधू! नवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात शिऱ्याची ताटली.

"बळीराम, तू घरमा येत नही तर पोर आठे आनी," जिजी म्हणाली. "शिरा थंडा व्हई ऱ्हायना. इचार काय इचारनं ते!"

नाना गडबडले. ताटली घेतली, आणि काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "लिखतावाचता येस का, पोरी?"

"येस," सिंधू म्हणाली.

"मंग हाई वाच. तुन्हा भाऊनं काय लिखेल शे ते आयकू दे."

सिंधूनं बुक घेतलं. खणखणीत आवाजात ठराव वाचला. मग पान उलटलं. पुन्हा सुलटं केलं. मागेपुढे पाहिलं.

"काय धुंडस?" नानांनी विचारलं.

"दादानं गाडी कोठे उभी करानी नही ते लिखेल शे," ती हळूच म्हणाली. "कोठे करानी, ते धुंडस."

मग मागून एक गाडीवान म्हणाला, "पोर बराबर बोलनी!" आणि सगळा बाजार हसत सुटला. मीही हसलो. (दुसरं करतो काय?)

नानांच्या हातातला शिऱ्याचा घास तसाच राहिला. "तू पंच ऱ्हायती तर काय लिखती?"

सिंधू आधी आबांकडे पाहून लाजली, पण थांबली नाही. शाळेमागच्या चिंचांखाली सावली आहे, तिथे गाड्या सोडाव्यात. विहीर जवळ आहे, तर बैलांना पाणी प्यायला दगडी हाळ बांधावा. वेशीतून गाड्यांनी आत यावं, नाल्याकडून बाहेर जावं, म्हणजे समोरासमोर येणार नाहीत. आणि मोटार वेशीबाहेरच थांबावी. बोटांवर मोजून चार गोष्टी. मी अर्धा तास बोललो होतो!

दगाजीआप्पांनी तिथेच, कोंडवाड्याच्या फाटकाशी, सभा भरवली. ठराव सिंधूनं सांगितला, मी लिहिला. शेवटी तिनं हळूच आठवण केली, "दादा, बैल सोडानं बी लिख." लिहिलं. सुपडूनं ते मला दोनदा वाचायला लावलं आणि मगच कुलूप काढलं.

बैल बाहेर आले. नानांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, जोडी स्वतः चिंचेखाली नेऊन बांधली आणि परत येऊन आबांना म्हणाले, "पोर पसंत शे. भाऊना इचार करना पडी!"

पुढच्या चार महिन्यांत हाळ बांधून झाला. दगड नानांनीच रनाळ्याहून गाड्या भरून पाठवले. चिंचेखाली एका ओळीत साठ-सत्तर गाड्या उभ्या राहू लागल्या. बाजाराच्या रस्त्यावर पोरं विटीदांडू खेळू लागली. गोदामाय परत आली, ती आल्या आल्या रस्त्याच्या मधोमध दोन्ही पाय लांब करून बसली. "दख," मला म्हणाली, "आते कोन चाक लयस ते!" सिंधूला त्या घरी खरोखरच वाचू दिलं, पुढे तर तिच्या गावच्या बायकांची पत्रं तीच लिहायची.

लग्न चैत्रात झालं. नानांची एकच अट होती, आणि ती त्यांनी आबांना लेखी कळवली: वऱ्हाडाच्या गाड्यांची व्यवस्था मुलीच्या भावानं जातीनं बघावी. झालं! नवापूरपासूनच्या गाड्या येतच राहिल्या. मी फेटा बांधून चिंचेखाली उभा, धुळ्याच्या पोलिसासारखा पंजा वर करून. (एकही बैल थांबला नाही.) शेवटची गाडी लावतोय तोच मांडवातून "सावधान" ऐकू आलं. धावत जायला वेळ नव्हता. खिशातल्या अक्षता काढल्या, डोळे मिटले आणि मांडवाच्या दिशेनं जोरात उधळल्या. डोळे उघडून पाहतो, तर पुढ्यातल्या अनोळखी बैलजोडीच्या डोक्यावर लालपिवळे तांदूळ! सिंधूचा संसार तिच्या अकलेनं सुखाचा झाला. माझ्या आशीर्वादानं कुणाचा झालाच असेल, तर तो त्या दोन बैलांचा!