सुहासिनीकाकूंचं गॅरेजमधलं सोवळं

सुहासिनीकाकूंचं सोवळं ज्याने पाहिलं नाही, त्याला शिस्त म्हणजे काय ते ठाऊकच नाही, असं माझं ठाम मत आहे. हे सोवळं देवघरातलं नव्हे. देवघर पुरुषोत्तमकाकांकडे. काकूंचं सोवळं गॅरेजमध्ये, जिथे त्या रायफलची काडतुसं भरतात.

अमेरिकेतल्या कॅरी गावात आमचं घर त्यांच्या शेजारी. काकू हॉस्पिटलच्या फार्मसीतून निवृत्त झालेल्या, अंगाने काटकुळ्या, शुद्ध शाकाहारी. कोळी दिसला तर कागदावर घेऊन बागेत सोडून येतात. पुण्यात कॉलेजात असताना एनसीसीत त्यांनी रायफल चालवली होती. मग लग्न, अमेरिका, नोकरी, दोन मुली यांत रायफल कुठल्या कुठे राहिली. निवृत्तीनंतर एका मैत्रिणीबरोबर सहज रेंजवर गेल्या, पालथ्या पडून कागदावर चार गोळ्या झाडल्या आणि घरी येऊन काकांना म्हणाल्या, "अहो, मी उद्या परत जाणार."

हौसेला मोल नसतं म्हणतात. पण काकूंना प्रत्येक गोष्टीचं मोल पाठ! त्यांनी रायफल घेतली ती जुनी, अशा मापाची की तिची काडतुसं दुकानात सहसा मिळत नाहीत आणि मिळाली तर परवडत नाहीत. तेव्हा त्यांनी ठरवलं, आपणच भरायची. एका दिवंगत नेमबाजाच्या बायकोने घरासमोर सामान विकायला मांडलं होतं, तिथून हाताने दाबायचा जुना प्रेस आणि लहानसा तराजू आणला. ओटा बदलला तेव्हा निघालेली फळी टेबल झाली. रेंजवर लोक टाकून जातात त्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या पिशवीत गोळा करून आणायच्या आणि सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात धुवायच्या. त्याचं पातेलं वेगळं, त्याच्यावर लाल फुली आणि स्वयंपाकघरात त्याला प्रवेश नाही. धुतलेल्या पुंगळ्या जुन्या पंच्यावर उन्हात, सांडगे घालावेत तशा ओळीने. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हसलो होतो.

मग एकदा आत जाऊन बसलो आणि हसू विसरलो. फोन बाहेर. टेबलावर काडतुसात भरायच्या पावडरचा एकच डबा. मी तोंड उघडलं तर त्यांनी फक्त हात वर केला. तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत बाईंचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. माप पुंगळीत ओतायचं, सगळ्या भरून झाल्या की टॉर्च घेऊन एकेकीत डोकावायचं, मगच वर गोळी दाबून बसवायची. पावडर कमीजास्त झाली किंवा आत भलतंच काही गेलं तर रायफल तोंडासमोर फुटू शकते. मी सॉफ्टवेअर टेस्टर. "किरकोळ दोष" असा शेरा मारून माल पुढे ढकलण्यावर माझं घर चालतं. त्या दिवशी मी त्या बाईपुढे मनातल्या मनात हात जोडले.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं की काकूंच्या उजव्या डोळ्याचा पडदा खराब होतोय. इंजेक्शनं चालू होती, तरी हिवाळ्यानंतर त्या डोळ्याने नेम धरता येईल याची खात्री नव्हती. उरली ती ऑक्टोबरातली सहाशे यार्डांची मॅच, त्या डोळ्याची बहुधा शेवटची. काकू सगळा उन्हाळा पावडरची वेगवेगळी मापं करून चाचण्या घेत राहिल्या. शेवटी एक माप असं जमलं की कागदावरची भोकं एकमेकांना चिकटून पडायला लागली. ती पावडर डब्यात जेमतेम मॅचपुरती उरली होती आणि दुकानांत मिळत नव्हती. दुसरी आणायची तर कमी मापापासून सगळ्या चाचण्या पुन्हा.

मॅच रविवारी, आणि दसरा नेमका शनिवारी. पुंगळ्यांवर बसवायच्या गोळ्या पोस्टाने आदल्याच दिवशी आलेल्या, त्यामुळे काकू सकाळपासून गॅरेजमध्ये. दुपारी मी आणि माझी बायको अंतरा सोनं द्यायला गेलो. आपटा इथे कुठला, आम्ही तशाच दिसणाऱ्या रेडबडच्या झाडाची पानं नेतो. काकूंनी पावडर भरून, टॉर्चने तपासून, पुंगळ्यांच्या ट्रेवर पांढरा नॅपकिन घातला आणि दार उघडायला आल्या. तेवढ्यात काका स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये शिरले. कद नेसलेले, हातात पूजेचं तबक.

आम्ही आत गेलो तर काका हात जोडून उभे. नॅपकिन घडी करून बाजूला ठेवलेला. उघड्या पुंगळ्यांवर हळद, कुंकू, अक्षता.

"सुहास, तुझ्या शस्त्रांचीही पूजा केली बघ," काका म्हणाले. "उद्या बक्षीस घेऊनच ये!"

त्यांचं चुकलं काय? दसऱ्याला हत्यारं पुजायची ही रीतच आहे. आमच्याकडे लॅपटॉपला कुंकू लागतं. पण काकूंचा चेहरा पाहून काकांनी जोडलेले हात खाली घेतले.

"काकू, दाणे तर दिसतायत," मी म्हणालो. "ट्वीझरने काढून टाकू. बाकीचं ओके आहे."

"दिसतोय तो तांदूळ काढशील, राजीव. दिसत नाही त्याचं काय?"

"पण प्रॉबॅबिलिटी किती असणार, यार?" काकूंना यार म्हणालो हेही माझ्या लक्षात आलं नाही.

"उद्या माझ्या शेजारच्या जागेवर एक नर्स असणार आहे. दोन मुलांची आई. तिला जाऊन सांग तुझी प्रॉबॅबिलिटी."

त्यांनी ट्रे उचलला, मागच्या हिरवळीवर नेला आणि एकेक पुंगळी उलटी करून रिकामी केली. सगळा उन्हाळा त्या गवतावर करड्या भुकटीसारखा सांडला. मी असतो तर घर डोक्यावर घेतलं असतं. काकू हात धुऊन आल्या आणि म्हणाल्या, "अहो, पुढच्या वर्षी पूजा आधी, पावडर नंतर." मग आम्हाला श्रीखंड वाढलं. काका जेवले नाहीत.

रविवारी काकू रेंजवर गेल्याच. गाडी मी चालवली, काका मागे बसले. एका म्हाताऱ्या नेमबाजाने स्वतः भरलेली काडतुसं देऊ केली. काकूंनी आभार मानून नाही म्हटलं. दुसऱ्याच्या हातची, दुसऱ्या रायफलसाठी भरलेली काडतुसं त्या लावत नाहीत. मग शेजारच्या नर्सचे गुण मोजायला बसल्या. आपली रिकामी जागा बाजूलाच असताना दुसरीच्या प्रत्येक गोळीचा गुण त्या स्वच्छ, खणखणीत आवाजात सांगत होत्या. 

मॅच संपली, रायफली रिकाम्या झाल्या. काकूंनी नेहमीची पिशवी काढली आणि लोकांच्या टाकलेल्या पुंगळ्या वेचायला लागल्या. काका गुडघ्यांवर हात टेकत त्यांच्या शेजारी खाली बसले.

"सुहास, आता कशाला गं?" त्यांनी विचारलं. "तो डोळा..."

काकूंनी एक पुंगळी उन्हाकडे धरून आत पाहिलं आणि पिशवीत टाकली.

"डावा आहे की अजून. डाव्या खांद्याला लावून शिकेन."

काकांनी दोन्ही हातांनी पिशवीचं तोंड उघडून धरलं.