सिद्धम्माच्या रानातली समाधी

पंचाक्षरी थर्मल वीज केंद्रात कोळशावर कामाला होते, तोवर सुट्टीला घरी आले की त्यांच्या आंघोळीचं पहिलं पाणी काळंच निघायचं. बायको सिद्धम्मा पाठ चोळून द्यायची. रिटायर होऊन ते अहमदपूरजवळच्या आपल्या गावी आले, ते खोकला बरोबर घेऊनच. "कोळसा जाळल्याबिगर वीज झाली पाहिजे," असं ते सारखं म्हणायचे.

ते गेले तेव्हा लिंगायतांच्या रीतीनं त्यांना रानातच, बसवून माती दिली. वर कट्टा बांधू बांधू म्हणता राहूनच गेला. सिद्धम्मा सोमवारी बेल वाहायची, तेवढीच काय ती खूण.

यंदा वीज कंपनीनं कोळसा कमी जाळायचं ठरवलं आणि सोलरसाठी सबस्टेशनलगतचं हेच रान भाड्यानं मागितलं. जागा मोकळी हवी, ही अट. मुलगा संगमेश यानं समाधीचं नावच काढलं नाही.

मोजणीच्या दिवशी कंपनीच्या माणसांनी खुंटी नेमकी तिथंच ठोकायला घेतली. सिद्धम्मा आडवी आली.

"थांबा रे बाबांनो. खाली मालक हायत आमचे."

"साहेब, लक्ष देऊ नका," संगमेश घाईनं म्हणाला. "म्हातारी हाय, कायबी बोलती."

"कायबी? बापाला माती देताना तूच पुढं होतास न्हवं?"

संगमेशची मान खाली गेली. कंपनीच्या अश्वजित इंजिनिअरनं बूट काढून बाजूला ठेवले.

"मावशी, दुसरीकडं हलवता येईल का?"

"बसवलेल्या माणसाला कुणी उठवतंय का, साहेब?"

"मग मला हे रान सोडून दुसरं बघावं लागेल."

सिद्धम्मानं मातीवरचं वाळलेलं बेलाचं पान उचललं. रान सुटलं, तर नवऱ्याच्या मनातलं तिच्या हातून मोडणार होतं.

"सोडू नका," ती म्हणाली. "त्यांचा जन्म कोळशात गेला. तुमचं सोलर होऊ द्या. फकस्त त्यांच्यावर सावली घालू नका."

अश्वजितनं नकाशा उलगडला. "पॅनेलच्या मधल्या ओळी तोडून मोकळा चौकोन ठेवता येईल. वरून मंजुरी लागेल, ती मी मागतो. जागा किती सोडू?"

"दोघांची."

संगमेशनं खुंटी उचलली आणि मागं सरकून जमिनीला टेकवली.

"एवढी बास हाय का, आई?" त्यानं विचारलं.

"अजून जरा सरक की," सिद्धम्मा म्हणाली. "बेल घेऊन येणारानं बसायचं कुठं?"