मूसच्या मागच्या पायावरचा भार

व्हर्ला हुक्स्ट्राने आयोवातल्या अंड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं अंडी दिव्यासमोर धरून पारखली. वरून गुळगुळीत दिसणारं आतून कसं निघतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. निवृत्त झाल्यावर ती नजर घरी आली. खाटकाचा काटा, पाद्र्याची सर्दी, नवऱ्याचं ‘आलोच’, काही म्हणून सुटत नसे.

मूस या त्यांच्या लॅब्रॅडोरच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर कॅसिडीने पुढचा उपचार सांगितला, तेव्हा तिच्या कपाळावर आठी पडली.

"त्याचंच रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं आणि त्याच्याच गुडघ्यात टोचायचं?"

"सांधा भरून यायला मदत करणारा भाग तेवढा टोचतो," डॉक्टरीणबाई म्हणाली. "काहींना गुण येतो, काहींना नाही. मात्र बारा आठवडे उडी बंद."

"म्हणजे गुण आला तर सुईचा, नाही आला तर कुत्र्याचा दोष."

पण मूसचं तीन पायांवर खुरडणं बघवेना, म्हणून तिने होकार दिला. विश्वास नाही दिला. दोन वजनकाटे आणून दर रविवारी ती मूसचे मागचे पाय एकेकावर ठेवू लागली. दुखरा पाय तिसऱ्या रविवारी सात पौंड भार घेत होता, पाचव्या रविवारी अकरा. सहाव्या रविवारी पुन्हा सात.

"पाण्याची सुई दिली त्या बाईने," ती म्हणाली. "बुधवारी दुसरी आहे. मी नाही नेणार."

"उगाच तिला बोल लावू नकोस," तिचा नवरा ड्वेन पुटपुटला.

चाळीस वर्षांत ड्वेनने एकाही डॉक्टरची बाजू घेतली नव्हती. दुसऱ्या दिवशी व्हर्ला रोजच्यासारखी सकाळी पोहायला गेली नाही, मुद्दाम घरी थांबली. ड्वेनने मित्रांबरोबरच्या कॉफीला निघताना किल्ल्या उचलल्या, तसा मूस लंगडत बाहेर गेला आणि पिकअप ट्रकच्या दाराला नाक लावून उभा राहिला.

"हा तिथं का उभा आहे?"

"मी उचलून ठेवतो त्याला गाडीत."

"ऐंशी पौंडांचं धूड? परवा साधी मिठाची गोणी उचलेना तुला, शेजारणीने आत आणून दिली."

ड्वेन टोपी हातात फिरवत राहिला. "सगळे विचारतात गं त्याला. तोही घरात झुरतो. एक उडी वर, एक खाली."

"रोज?"

"गेल्या सोमवारपासून. रविवार सोडून."

बुधवारी डॉक्टरने गुडघा वाकवून पाहिला. "उडीबिडी मारली का कुठे?"

ड्वेन भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागला. व्हर्लाने त्याला कोपराने ढोसलं. "तूच सांग."

त्याने सांगितलं. डॉक्टरने सुई बाजूला ठेवली, आधी एक्स-रे काढला. ऑपरेशनमध्ये हाडावर बसवलेली धातूची पट्टी जागेवर होती. सांधा मात्र सुजला होता. सूज उतरल्यावर सुई, आणि बारा आठवडे पुन्हा पहिल्यापासून.

"तो खालचा स्क्रू वाकडा दिसतोय," व्हर्ला म्हणाली.

"सरळ आहे."

"आणि आधी जो फरक पडला, तो सुईनेच कशावरून?"

"ते मलाही छातीठोक सांगता येणार नाही."

एवढं एक वाक्य व्हर्लाला पटलं. तिने दुसऱ्या सुईच्या कागदावर सही केली आणि नवऱ्यापुढे हात पसरून पिकअपच्या किल्ल्या मागितल्या.

"तुझ्या कॉफीवाल्यांना सांग, मूसला भेटायचं तर बारा आठवडे माझ्या स्वयंपाकघरात या. मला दिसेल असे बसा."