तिघी घरच्या, एक पाहुणी

सरांनी पस्तीस वर्षं मुलांना फक्त आकृत्या शिकवल्या. गणित नाही, भाषा नाही, इतिहास तर नाहीच नाही. मोठ्या शाळांच्या प्रवेश परीक्षेत एक पेपर असा असतो की त्यात अक्षर नसतं. नुसते त्रिकोण, बाण, ठिपके, चार-चारच्या ओळीत मांडलेले. आरशात कसं दिसेल, घडी घातलेल्या कागदाला भोक पाडून तो उलगडला तर किती भोकं दिसतील, गटात न बसणारी आकृती कोणती. नऊ-दहा वर्षांच्या पोरांना हा पेपर रडवतो आणि त्यांच्या आयांना त्याहून जास्त. त्या एका पेपरात सरांचा हात धरणारा शहरात कोणी नव्हता. मुलं त्यांना ‘आकृतीसर’ म्हणायची आणि त्यांच्या बायकोला नुसतं ‘काकू’. काकूंना आकृत्यांमधलं ओ की ठो कळत नसे.

सुरुवातीची वर्षं वर्ग घरातच, बाहेरच्या खोलीत भरायचा. काकू आत भाजी चिरत असायच्या आणि सरांचा आवाज भिंतीतून यायचा. फळ्यावर चार आकृत्या काढून ते म्हणत, “तिघी घरच्या, एक पाहुणी. पाहुणी शोधा. नुसतं बघत बसू नका, मोजा. रेषा मोजा, टोकं मोजा, मग मनातल्या मनात फिरवा. आकृती छान आहे की वेडीवाकडी, तुम्हाला काय करायचंय? तिच्या प्रेमात पडलात की मार्क गेला!” पोरं खिदळायची. पुढे बसथांब्याजवळ खोली घेतली, बाकं आली, फळा मोठा झाला, पण वाक्यं तीच राहिली.

दुपारच्या चहाला सर कधीकधी काकूंपुढे एखादा कागद सरकवत. काकू चष्मा वर करून बघत आणि हमखास चुकत. एकदा त्यांनी तिसऱ्या चौकटीवर बोट ठेवलं.

“का बरं?” सरांनी विचारलं.

“एकटी वाटते बिचारी. बाकीच्यांची तोंडं एकमेकींकडे आहेत.”

सर इतके हसले की चहा बशीत सांडला. “अगं, एकटी वाटते हे काय कारण झालं?” काकूही हसल्या. त्यांचा संसार असा होता, आणि तो वाईट नव्हता. सर तिरसट होते, हिशेबी होते, कुणाच्या आजारपणात भेटायला जायचं म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. पण काकूंशी मोठ्या आवाजात कधी बोलले नाहीत. मुलगी दूरच्या शहरात नोकरीला लागली, तिचं बस्तान बसलं, आणि घरात दोघंच उरली.

बिनसलं ते एका सोमवारी. सरांनी वर्गात एक सरावपेपर दिला. मंगळवारी तोच दिला. बुधवारी पुन्हा तोच. पोरं कसली बोलतात! तिसऱ्या दिवशी सगळ्यांना पैकीच्या पैकी पडले आणि सर घरी येऊन म्हणाले, “यंदाची पोरं फार हुशार आहेत. पस्तीस वर्षांत अशी पाहिली नाहीत.” काकूंना बरं वाटलं. मग पालकांचे फोन यायला लागले, की रोज तोच पेपर कसा. वर्षभरात पोरं गळत गेली आणि वर्ग बंद झाला. लोकांना सांगितलं की सर आता थकले.

इमारत चार मजली, सगळे दरवाजे एकाच रंगाचे. सर खालच्या मजल्यावरच्या दाराला किल्ली लावून झटत बसायचे आणि आतली म्हातारी घाबरून ओरडायची. महिन्यातून दोन-तीनदा ते सकाळी खडूचा डबा घेऊन वर्गावर निघायचे. वर्गाच्या जागी आता इस्त्रीवाल्याचं दुकान होतं. तो माणूस भला. सरांना स्टुलावर बसवायचा आणि काकूंना फोन करायचा. “काकू, सर आलेत. घाई नको, माझं काम चाललंय, बसलेत ते निवांत.” काकू लगबगीने जायच्या. सर म्हणायचे, “पोरं अजून कशी आली नाहीत?” काकू म्हणायच्या, “सुट्टी आहे आज.” खोटं बोलायची सवय त्यांना उतारवयात लागली.

मुलीला सांगितलं तर ती म्हणायची, “आई, या वयात सगळेच विसरतात. तू उगीच बाऊ करतेस.” तिचाही दोष नव्हता. बापलेकीचं फोनवर पाच मिनिटं बोलणं व्हायचं आणि त्या पाच मिनिटांत सर अगदी पहिल्यासारखे असायचे. थट्टा करायचे, तिच्या वरिष्ठांना नावं ठेवायचे. फोन ठेवला की काकूंना विचारायचे, “कुणाचा होता?”

काकूंना एवढंच हवं होतं की कुणीतरी आपल्यावर विश्वास ठेवावा. औषध असेल तर मिळावं, नसेल तर नसो, पण मुलीने यावं, दोन घटका बसावं आणि म्हणावं की हो, आई, खरंय. त्या मुलीला न सांगताच सरांना मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या.

तिथे हातात कागद दिला. त्यावर काय होतं? आकृत्या! पुढची आकृती ओळखा, हा घन बघून काढा, वेगळी कोणती ते सांगा, घड्याळ काढा. गेले कित्येक महिने मान खाली घालून बसणारे सर खुर्चीत ताठ झाले. त्यांनी खिशातून स्वतःची पेन्सिल काढली. दहा मिनिटांत कागद परत. वर डॉक्टरीणबाईंना ऐकवलं, “चौथ्या प्रश्नाला दोन उत्तरं निघतात. ज्याने काढलाय त्याला सांगा.” डॉक्टरीणबाईंनी तपासलं, तर खरंच दोन निघत होती. बाई खूश. मधे पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते, त्यातले तीन सरांना आठवले नाहीत. तेवढेच मार्क गेले. तिसांत सत्तावीस.

“वयाच्या मानाने उत्तम आहे,” बाई म्हणाल्या.

“अहो, पण हा त्यांचा धंदाच होता,” काकू काकुळतीला येऊन म्हणाल्या. “हे ते झोपेतसुद्धा सोडवतील. तुम्ही त्यांना विचारा ना, सकाळी काय खाल्लं.”

“मग तर चांगलंच की. मेंदू कामात राहिला.” बाईंनी काकूंच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. “तुम्हीच फार ओढलेल्या दिसता. तुमचीही चाचणी करून टाकूया का?”

नाही म्हणायला हवं होतं. काकूंनी कागद घेतला. घन काढताना त्यांचं खोकं दबलं, आकृत्यांचं जे व्हायचं तेच झालं, आणि एकवीस मार्क पडले. बाईंनी काकूंच्या नावाची फाइल उघडली. सहा महिन्यांनी दोघांनी या, बरोबर घरचं कुणीतरी आणा, असं सांगितलं.

झालं! सत्तावीसवाला तल्लख आणि एकवीसवालीच्या नावाने शंख. संध्याकाळी फोनवर सरांनीच मुलीला मार्क सांगितले, तेवढे मात्र बरोबर आठवले. मुलगी हबकली. “आई, तुला काही होतंय का? मला आधी का नाही सांगितलंस? बाबा, तुम्ही आईकडे लक्ष ठेवा हं.” काकू जे सांगतील ते सगळं आता एकवीस मार्कांचं.

सरांनी लक्ष ठेवायला सुरुवात केली, आणि तो प्रकार जीवघेणा होता. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या की सर आत जायचे, गॅस बंद आहे का बघायला, आणि चालू करून यायचे. दोनदा वास आला म्हणून कळलं. तिसऱ्यांदा खालच्या मजल्यावरच्या म्हातारीला आला. मग काकू तासातासाला उठून बटणं चाचपायच्या, आंघोळीलाही दार उघडं ठेवून जायच्या. इतकी वर्षं आपण ज्या माणसाच्या भरवशावर राहिलो त्याची भीती वाटते, याची त्यांना शरम वाटायची. ती भीती त्यांनी कुणालाच सांगितली नाही.

सहा महिन्यांनी मुलगी आली. आईला दाखवायला आली होती. रिक्षात आईचा हात हातात धरून बसली होती, आणि पलीकडे सर रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचत होते.

काकूंनी मात्र या वेळी तयारी केली होती. जुन्या अर्जांना लावून उरलेले, एका मापाचे चार फोटो त्यांनी पाकिटात घेतले होते. सरांच्या आईचा, सरांच्या बहिणीचा, मुलीचा आणि स्वतःचा. कागदावरच्या आकृत्या सरांना पाठ होत्या, पण माणसं पाठ नव्हती. बहिणीचं नाव ते गेल्या महिन्यापासून विसरले होते. मुलीसमोर, डॉक्टरीणबाईंसमोर ते एकदा अडखळले की झालं. स्वतःचा फोटो त्यांनी सहज घातला होता. निदान एक तरी बरोबर यावं, नाहीतर त्यांना वाईट वाटेल, म्हणून.

“बाई, तुमचे कागद जरा बाजूला ठेवा,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी चार फोटो हाताला आले तसे टेबलावर ओळीने मांडले. “अहो, या कोण कोण आहेत, सांगा.”

सर पुढे झुकले. चार चौकटी, एका ओळीत. काकूंना त्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं तेज दिसलं. आपण काय मांडून ठेवलंय ते त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. पण आता फोटो उचलता येत नव्हते.

“सोपा आहे,” सर म्हणाले. त्यांनी पेन्सिल काढली आणि टोकाने एकेका चेहऱ्यावरून फिरवली. “कपाळ रुंद, रुंद, अरुंद, रुंद. हनुवटी टोकदार, टोकदार, गोल, टोकदार. कान बघा, चिकटलेले, चिकटलेले, हिचे सुटे.” पेन्सिल काकूंच्या फोटोवर थांबली. “तिघी घरच्या. ही पाहुणी.”

मग मुलीने विचारलं, “बाबा, पण ती कोण आहे?”

सरांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. घाई करणाऱ्या पोरांकडे ते असंच पाहायचे. “ते प्रश्नात विचारलेलं नाही.”

“मी विचारतेय ना, बाबा. कोण आहे ती?”

सर पुन्हा फोटोकडे बघत राहिले. बराच वेळ बघितलं. रेषा मोजून संपल्या होत्या आणि त्याच्यापुढे त्यांना काही सापडत नव्हतं. “उत्तर आलंय ना,” ते शेवटी पुटपुटले.

डॉक्टरीणबाईंनी एक कोरा कागद ओढला आणि त्या लिहायला लागल्या. मुलगी रडत होती. “आई,” ती म्हणाली, “आई, मला वाटलं होतं...” दीड वर्ष काकूंनी ज्याची वाट पाहिली ते हेच होतं. आता सगळ्यांना पटलं होतं. काकूंना मात्र वाटत होतं की या क्षणी कुणी म्हणालं, तुमचीच चूक, सर ठणठणीत आहेत, तर आपण त्याच्या पाया पडू.

सरांचं या कशाकडे लक्ष नव्हतं. त्यांनी उत्तर दिलं होतं आणि कुणी बरोबरची खूण केली नव्हती. ते अस्वस्थ होऊन एकेकीकडे बघत होते. काकूंना ते बघवलं नाही.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “पैकीच्या पैकी.”

सर सुखावले. त्यांनी तीन फोटो गोळा करून खिशात ठेवले. चौथा हातात धरून ते थबकले, मान तिरकी करून काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, पुन्हा चेहऱ्याकडे पाहिलं. कपाळ. हनुवटी. कान. मग अनोळखी बाईशी बोलावं तसं अदबीने त्यांनी तो पुढे केला.

“हा तुमचा दिसतोय,” सर म्हणाले. “अगदी जुळतो.”

काकूंनी तो घेतला.