खुंटी चुकीवर मारतात

भिंगकाकू डोळ्याला भिंग लावून बसली की लाकडी ठसे कोरणाऱ्या त्या कारखान्यात मेस्त्रीसुद्धा दबक्या पावलांनी चालायचा. वाळू भरलेल्या चामडी उशीवर ठोकळा ठेवायचा, कोरणी तळहातात स्थिर धरायची आणि फिरवायचा तो ठोकळाच. हात नाचवायचे तर नाटकात जा, असं ती नवख्यांना सुनवायची.

त्या सकाळी साप्ताहिकासाठी नव्या पुलाचं चित्र छापायला जायचं होतं. चित्र मोठं, म्हणून सहा ठोकळे मागून स्क्रूंनी जोडलेले. सहा जणांनी एकेक कोरला, सांध्यावरच्या रेघा काकूनं जुळवल्या. तिच्या तुकड्यात एक बाई होती. डोक्यावर दगडांची पाटी, नजर थेट समोर. चित्रकारानं पुलावर बसून काढलेली ही बाई काकूची नणंद. दोघींचा छत्तीसचा आकडा. पण पाया खणल्यापासून तिथं राबली होती ती हीच.

मालक आले. चित्रात फीत कापणाऱ्या पाहुण्यांशेजारी पाटीवाली शोभत नाही म्हणाले. तिचं तोंड पोखरा, भोकात लाकडी खुंटी ठोका, घासून सपाट करा आणि वर दगड कोरा. कोरणी घसरली की कारखान्यात असंच बुजवत.

काकूनं भिंग उतरवलं. "खुंटी चुकीवर मारतात, मालक. यात चूक कुठली?"

मालकांनी मेस्त्रीला खुणावलं. बिचाऱ्यानं खाली मान घालून भोक पाडायचं गिरमिट उचललं. तोवर काकूनं ठसा उशीवर पालथा घालून स्क्रू सोडवले आणि आपला तुकडा पोटाशी धरला. छापखान्याची गाडी दारात उभी. मालकांनी उद्यापासून कामावर येऊ नकोस म्हणून बजावलं.

"नाही येत. कोरण्या माझ्या आहेत, त्या नेते. पण हा तुकडा जागेवर बसेल तो तोंडासकट."

बाकीच्या पाचांनी हाताची घडी घातली. मेस्त्रीनं गिरमिट खाली ठेवलं. गाडीवाला हाका मारत होता. मालक दात-ओठ खात म्हणाले, बसवा. काकूनं तुकडा बसवला, स्क्रू आवळले, कोरण्या फडक्यात गुंडाळल्या आणि ताठ मानेनं बाहेर पडली.

छापलेलं पान नणंदेनं आपल्या घरी खिडकीपाशी धरून बघितलं. "नाक एवढं फताडं? सूड उगवलास वहिनी."

"आहे तसं आहे. आता कुणाच्या बापाला खोडता येणार नाही."

खिडकीखालची आपली पेटी नणंदेनं कोपऱ्यात ढकलली.

"इथं मांड तुझं दुकान. उजेड बरा आहे. आणि पुढच्या वेळी नाक जरा सरळ काढ."

"आहे तसंच काढेन," काकू म्हणाली.